कापसाच्या वाटेवरचं वऱ्हाड

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्याची दखल गिनेस बुकाने घेतली. लोणीपासून मूर्तिजापूरच्या दिशेने एका मार्गिकेवर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि तो जागतिक विक्रम ठरला. त्याआधी ज्यांनी वर्षानुवर्षे या रस्त्याचे खड्डे खाल्ले होते, त्यांना विक्रमाचं फारसं कौतुक नव्हतं. रस्ता झाला, एवढंच त्यांना पुरेसं होतं. मात्र या भागात पक्का रस्ता ही बातमी का ठरते, याचं उत्तर डांबराच्या खाली आहे. तिथे काळी माती आहे.

ही माती बेसाल्टची लेक. लाखो वर्षं झिजलेल्या लाव्ह्याच्या थरांतून ती तयार झाली. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की ती फुगते, चिकटते, बैलाचा खूर धरून ठेवते. तिच्यावर बांधलेलं घर तडकतं आणि टाकलेला रस्ता उखडतो. तिच्यात पेरलेलं सरकीचं बी मात्र पाऊस उघडल्यावरही जगतं, कारण तिने पोटात धरलेली ओल पऱ्हाटीचं मूळ खाली जाऊन शोधून काढतं. विहीर नाही, पाट नाही, तरी पीक आहे. वऱ्हाडाचं सगळं अर्थकारण या एका गुणावर उभं राहिलं आणि पुढे याच गुणापायी अडकलंही.

नकाशा समोर घेतला तर वऱ्हाड तीन पट्ट्यांत दिसतं. उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि त्यामागचा मेळघाट, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगांवरचा बालाघाट, आणि दोहोंच्या मध्ये पूर्णेचं सपाट खोरं, म्हणजे पायनघाट. पूर्णा पश्चिमेकडे वाहते, तापीला मिळते आणि तिचं पाणी शेवटी सुरतेच्या समुद्रात जातं. सुरत हे नाव या लेखात पुन्हा येणार आहे.

पायनघाटाच्या पोटात आणखी एक गंमत आहे. ज्यांच्या घरात हंडा रिकामा असतो ते तिला गंमत म्हणणार नाहीत. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावं खारपाणपट्ट्यात येतात. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारट. प्यायला चालत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींतून एकेकाळी मीठ काढत असत. १९३०च्या एप्रिलमध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या अकोल्याच्या सत्याग्रहींना अडचण पडली नाही. ब्रिजलाल बियाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहीहंडा गाठलं, विहिरीचं पाणी आटवलं आणि कायदा मोडला. तहानेने पिढ्यान्‌पिढ्या छळणारं पाणी एकदा तरी कामी आलं. आज अकोटकडच्या खेड्यांना ८४ खेडी पाणीपुरवठा योजनेसारख्या नळयोजनांतून गोडं पाणी लांबून आणून द्यावं लागतं.

सोळाव्या शतकात या मुलखाची सत्ता अचलपुरात होती. इमादशाहीची राजधानी तीच. १५७४ मध्ये इमादशाही बुडाली, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं, पुढे निजामाकडे, आणि त्यात नागपूरच्या भोसल्यांचा वाटा. अमरावती या काळात अंबादेवीचं देऊळ असलेलं एक गाव होती. तिला शहर केलं ते व्यापाऱ्यांनी. १८०७ मध्ये निजाम सरकारने पेंढाऱ्यांपासून या सावकारांचं रक्षण व्हावं म्हणून गावाभोवती दगडी परकोट घालायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. त्यातली एक खुनारी खिडकी. १८१६च्या मोहरमात तिथे झालेल्या दंग्यात सातशे माणसं मेली असं गॅझेटियर सांगतं, आणि नाव तेव्हाचं आहे. गावाचा तट सहसा राजाच्या गादीसाठी असतो. अमरावतीचा तट तिजोरीसाठी होता.

तिजोरी भरत होती कापसाने. सुरुवातीला हा कापूस मुंबईला जात नसे. बंजाऱ्यांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून सातपुडा ओलांडून आठशे किलोमीटरवरच्या मिर्झापूरला नेत. तिथून गंगेवरच्या नावा तो बंगालात उतरवत. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून या वाटेने पाठवल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत सापडते. आकड्याला थोडी दंतकथेची झालर असेल, पण ती अमरावतीबद्दल रचली जात होती हेही कमी नाही. वाटेत पाऊस लागला की कापूस ओला होई, वजन वाढे, बैल मोडे. वाळल्यावर धूळ आणि कचरा त्यात कायमचा बसलेला असे.

मुंबईची वाट प्रथम दाखवली ती पारशी पेढीने. विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी हे तारापूरचे भाऊ. १८२५-२६ मध्ये त्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे रवाना केला. ते निजामाला कर्ज देत आणि त्या बदल्यात वऱ्हाडचा महसूल वसूल करत. औरंगाबादेच्या टांकसाळीतून निघालेल्या त्यांच्या रुपयाला ‘पेस्तनशाही’ म्हणत, एवढा त्यांचा वट होता. पुढे निजामाकडची बाकी वसूल होईना, तारणातला महसूलही काढून घेतला गेला आणि पेढी बुडाली. थोड्याच वर्षांत हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झालं. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापायी निजाम ईस्ट इंडिया कंपनीचा देणेकरी झाला आणि १८५३च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं गेलं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून ते कायमच्या पट्ट्यावर घेतलं. एखाद्या कास्तकाराचं वावर सावकाराच्या वहीत जावं, तसा हा अख्खा मुलूख दुसऱ्याच्या कर्जात दोनदा गहाण पडला.

इंग्रजांना वऱ्हाड कशासाठी हवं होतं याबद्दल त्यांच्या कागदपत्रांत आडपडदा नाही. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत होत्या आणि दुसरा झरा शोधणं त्यांना भाग होतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव तिपटीच्या वर गेले. त्याच वर्षी वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची रयतवारी मोजणी सुरू झाली. दगड रोवले गेले, वावरांना नंबर मिळाले, सारा ठरला. जमीन आता कास्तकाराच्या नावावर झाली. नावावर झाली म्हणजे गहाण टाकता येऊ लागली आणि विकताही येऊ लागली. मारवाडातून आलेल्या सावकारांनी खेड्यापाड्यांत दुकानं थाटली ती याच काळात. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण जुनी असली, तरी त्या चार-पाच वर्षांत ती लोकांना डोळ्यांनी दिसली. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं, मुंबईतला शेअरांचा फुगा फुटला आणि भाव घसरले. सारा मात्र घसरला नाही.

रेल्वे आली ती नेमकी भाव उतरल्यावर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अमरावती मुख्य लोहमार्गापासून दहा किलोमीटर बाजूला पडली आणि खामगावही. हे दोन्ही मोठे कापूसबाजार, तेव्हा ते सोडून चालणार नव्हतं. जलंबहून खामगावला फाटा काढला गेला आणि १८७०च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडायला आला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. जेमतेम तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या रुळांवरून काय जाणार होतं त्याची किंमत कळते. पुढच्या वर्षी बडनेरा-अमरावती फाटा झाला. दरम्यान सुएझचा कालवा उघडला होता. बैलाच्या पाठीवरून गंगेच्या नावेत जाणारा कापूस आता गाठीत दाबला जाऊन मुंबईमार्गे थेट लिव्हरपूलला जाऊ लागला. तिथल्या दलालांच्या तोंडी उमरावतीचं ‘उमरास’ झालं आणि वऱ्हाडी कापसाचं तेच व्यापारी नाव पडलं.

‘उमरास’ हा काही कौतुकाचा शब्द नव्हता. आखूड धाग्याचा, कचरा असलेला माल असा त्याचा अर्थ होई. सरकारने रिव्हेट-कारनॅक नावाचा अधिकारी कापूस आयुक्त नेमला. लांब धाग्याची ‘बनी’ जात वाढावी, बी शुद्ध राहावं म्हणून त्याने बरीच खटपट केली. कास्तकारांनी ती शांतपणे मोडून काढली. ‘जडी’ जातीला रुईचा उतारा जास्त, बोंड लवकर फुटे, आणि बाजारात व्यापारी बारीक आणि जाड्या धाग्यात फारसा फरक करत नसत. जास्त कष्टाच्या मालाला जास्त पैसा मिळणार नसेल, तर जास्त कष्ट कशाला, हा हिशेब अडाण्याचा नव्हता. पुढे आखूड धाग्याच्या याच कापसाला जपानच्या गिरण्यांकडून मोठी मागणी आली. रॅली ब्रदर्स आणि व्होल्कार्ट ब्रदर्स या युरोपीय कंपन्यांनी तर वऱ्हाडात आपली ठाणीच उभी केली.

घरोघरच्या रेच्यांवर सरकी काढण्याचं काम बायका करत. वाफेवरचे जिन आले आणि रेचे माळ्यावर गेले. हातमागांचंही तेच झालं. बाळापूर आणि अचलपूर ही विणकरांची जुनी ठिकाणं. अकोल्याच्या सतरंज्यांचं नाव होतं. मुंबईहून कापूस न्यायला येणारी वाघीण रिकामी येत नसे, ती मँचेस्टरचं कापड घेऊन येई.

बाजारात माल कसा विकला जाई हे समजून घेतल्याशिवाय वऱ्हाडचा इतिहास अपुरा राहतो. बैलगाडी रात्री निघून पहाटे बाजारात पोचे. अडत्या, दलाल, मापारी, हमाल, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे. मापात तूट, मग ओलाव्याचा कडता, मग धर्मादाय. कास्तकाराच्या हातात काय पडे ते गाडी परत निघताना कळे. या गोंधळावर देशात पहिला इलाज झाला तो वऱ्हाडातच. १८८६ मध्ये कारंजा येथे पहिला नियंत्रित कापूसबाजार उभा राहिला. लाडांचं कारंजा ते हेच, आज वाशीम जिल्ह्यात आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला. आज देशभर दिसणाऱ्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा हा आजोबा. १९२८च्या शाही कृषी आयोगानेही याच कायद्याकडे बोट दाखवलं. या आजोबांचा स्वभाव मात्र ओळखून असावं. समितीत नगरपालिकेची माणसं होती आणि व्यापारी होते, कापूस पिकवणाऱ्याला खुर्ची नव्हती.

त्याच १८९७च्या डिसेंबरात राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. खापर्डे म्हणजे टिळकांचे स्नेही, अमरावतीचे नामांकित वकील. देशातले पुढारी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीत उतरले, ते कापसासाठी टाकलेल्या रुळांवरूनच. तेव्हा वऱ्हाड नुकतंच एका दुष्काळातून वर येत होतं आणि त्याहून मोठा दुष्काळ दोन वर्षांवर होता.

१८९९चा पाऊस गेला. पूर्वी अशा वेळी पेवात ज्वारी असे. १८७०च्या दशकात दक्षिण भारत उपाशी होता तेव्हा वऱ्हाडातून धान्य बाहेर गेलं होतं. पुढच्या वीस वर्षांत ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी शिरली, गावरानं नांगरली गेली, गुरांचा चारा आटला. पऱ्हाटीने पैसा दिला होता, पण पैसा पेवात साठत नाही, आणि सावकाराच्या घरून तो परतही येत नाही. कापूस आणि ज्वारी दोन्ही एकदम गेल्यावर लोक खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर गेले. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ एकाच पुस्तकाचा विषय केला, तो याच कारणाने. शिरगणती थंड भाषेत बोलते. १८६७ मध्ये वऱ्हाडात २२ लाख २७ हजार माणसं होती. कापसाच्या भरभराटीत बाहेरून माणसं येत गेली आणि १८९१ मध्ये हा आकडा २८ लाख ९७ हजारांवर गेला. १९०१ मध्ये तो २७ लाख ५४ हजार होता. एवढ्या सुपीक मुलखात दहा वर्षांत जवळजवळ दीड लाख माणसं कमी झाली.

कापूस इथेच कातला, विणला गेला असता तर? प्रश्न जुना आहे. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात एम्प्रेस मिल काढली आणि ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ, जमीन स्वस्त, रेल्वे दारात, हा त्यांचा हिशेब होता. वऱ्हाडात कापूस जवळ नव्हे, अंगणात होता. तरी इथे बडनेऱ्याची गिरणी, अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल अशी मोजकीच नावं घेता येतात. जिन-प्रेस गावोगाव झाले, गिरण्या झाल्या नाहीत. जिनात पैसा लवकर सुटतो, गिरणीत अडकून पडतो. सट्टा आणि सावकारी यांची सवय लागलेल्या भांडवलाने पहिली वाट धरली.

गाठी बाहेर न्यायची सोय मात्र वाढतच गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या कंपनीच्या कारभारात अडीच फुटी रुळांची गाडी आली. मूर्तिजापूर तिचं नाक. एक फाटा उत्तरेला अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी हे रूळ खासगी कंपनीच्या मालकीचे राहिले आणि सरकार ते वापरण्याबद्दल पैसे मोजत राहिलं. मँचेस्टरात १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली. कापूस ट्रकवर गेला तशी गाडी माणसांची झाली, चालत्या डब्यातून उतरून पुन्हा चढता येईल इतकी संथ. आता ती बंद आहे. मूर्तिजापूर स्टेशनच्या एका अंगाला तिचे रूळ गवतात दिसतात.

कर्जाच्या प्रश्नाला कायद्याने हात घातला तो पंजाबराव देशमुखांनी. पापळच्या शेतकरी घरातला हा मुलगा परदेशात शिकून आला आणि १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचा मंत्री झाला. कर्ज लवादाचा कायदा १९३३चा. स्वतंत्र भारतात ते दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री होते. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. हमीभाव मिळाला, व्यापारी बाजूला झाला, आणि त्याच्या जागी चुकाऱ्याची वाट पाहणं आलं. तीस वर्षांनी ही योजना ढिली झाली, त्याच सुमारास, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं दरवर्षी विकत, खत विकत, फवारणी विकत. पाणी पूर्वीइतकंच आभाळाचं. दांडेकर समितीने १९८४ मध्येच विदर्भातल्या सिंचनाचा अनुशेष आकड्यांत मांडला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढत गेल्या, तेव्हा १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहापैकी पाच जिल्हे वऱ्हाडातले होते.

भारत म्हणजे दाटीवाटीचा देश, हे समीकरण इथे नीट बसत नाही. २०११च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २३७ माणसं होती, अकोल्यात ३२०. देशाची सरासरी ३८२. अमरावतीचा आकडा कमी दिसतो तो मेळघाटामुळे. धारणी आणि चिखलदरा हे डोंगराळ, जंगलाचे, कोरकूंचे तालुके विरळ आहेत आणि गर्दी पायनघाटात आहे. एका पावसावर, एका पिकावर, भावंडांत वाटत गेलेल्या दोन-पाच एकरांवर जगणाऱ्याला तीनशे माणसंही दाटीच वाटतात. म्हणून पाय पुणं, मुंबई, सुरतेकडे वळतात.

पिकंही बदलली. गेल्या तीस वर्षांत सोयाबीनने पऱ्हाटीच्या वावरांत मोठी जागा घेतली, सोबत तूर आली. अकोला आज डाळमिलचं शहर आहे आणि वरूड-मोर्शी संत्र्याचे तालुके. तरी ऑक्टोबरात पहिली बोंडं फुटली की काही वावरांत अजून वेचणीआधी सीतादहीची पूजा होते.

अचलपूरची नवी फिनले मिल २०२०च्या टाळेबंदीत थांबली. बडनेऱ्याची आणि अकोल्याची गिरणी त्याआधीच इतिहासजमा झाली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या सभेतून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली. ते नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत, सुमारे हजार एकरांवर व्हायचं आहे. कापसापासून तयार कपड्यापर्यंत सगळं एका जागी, अशी त्याची कल्पना. तिथून जवळच, महामार्गाला लागून अमरावतीचा घाऊक कापड बाजार आहे. लग्नसराईत विदर्भभरचे दुकानदार तिथे माल भरायला येतात. महामार्ग क्रमांक ५३, सुरतेहून निघून अकोला-अमरावतीवरून पुढे जाणारा, विक्रमी डांबराचा. दिवाळीनंतर त्याच्यावरून रुईच्या गाठी घेतलेले ट्रक गुजरातेकडे जाताना दिसतात, आणि समोरून येणाऱ्या ट्रकांत सुरतेच्या साड्या असतात.